स्वाक्षरी आणि सदसद्विवेक : ल्यूथरपंथीय मतनिष्ठेच्या युगाचा एक विचार

प्रास्ताविक

युरोपातील धर्मसुधारणेच्या चळवळीचा इतिहास आपल्याकडील अभ्यासक्रमांत मार्टिन ल्यूथरच्या १५१७ मधील पंचाण्णव प्रमेयांपासून सुरू होतो आणि बहुधा १५५५ च्या ऑग्सबर्ग तहापाशी येऊन थांबतो. पुढचा धडा असतो तो तीस वर्षांच्या युद्धाचा (१६१८–१६४८). ल्यूथरच्या मृत्यूनंतर त्याच्या अनुयायांनी त्याच्या शिकवणुकीचे काय केले, हा प्रश्न या दोन धड्यांच्या फटीत हरवून जातो. जेथे तो विचारला जातो तेथेही उत्तर ठरलेले असते. ल्यूथरची ज्वलंत श्रद्धा त्याच्या वारसांनी कोरड्या सूत्रांत बंदिस्त केली, विद्यापीठांतील पंडित एकमेकांशी भांडत राहिले आणि अखेर सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात भक्तिवादी (पायटिस्ट) चळवळीने चर्चमध्ये पुन्हा प्राण फुंकले, असे ते उत्तर होय.

हे उत्तर सर्वस्वी खोटे नाही. परंतु ते मुळात कोणी दिले हे पाहणे आवश्यक आहे. 'मृत मतनिष्ठा' ही प्रतिमा मुख्यतः भक्तिवाद्यांनीच घडविली. गॉटफ्रीड आर्नोल्ड याने १६९९ पासून प्रसिद्ध केलेल्या चर्च आणि पाखंडी यांच्या इतिहासाच्या शीर्षकात 'निःपक्षपाती' हा शब्द आहे. ग्रंथात मात्र लेखकाची सहानुभूती बहिष्कृतांकडे आणि रोष अधिकृत ईश्वरविद्येकडे आहे. वादातील एका पक्षाने दुसऱ्या पक्षावर दिलेला हा निकाल पुढील इतिहासकारांनी दीर्घकाळ फारसा न तपासता स्वीकारला.

परिभाषेविषयी एक खुलासा येथेच करणे योग्य ठरेल. या कालखंडाला युरोपीय भाषांत 'ल्यूथरन ऑर्थोडॉक्सी' म्हणतात. 'सनातनी' किंवा 'कर्मठ' हे मराठी शब्द येथे दिशाभूल करणारे आहेत. कारण प्रश्न आचाराचा किंवा प्राचीनत्वाचा नसून लेखी मताशी असलेल्या निष्ठेचा होता. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चशीही या संज्ञेचा संबंध नाही. म्हणून प्रस्तुत लेखात 'मतनिष्ठा' हा शब्द योजला आहे. या युगातील ग्रंथसंपदा अवाढव्य आहे आणि तिचा आढावा घेणे हा येथील हेतू नाही. या युगाच्या केंद्रस्थानी असलेल्या एका साध्या कृतीचा, म्हणजे श्रद्धापत्राखाली केलेल्या स्वाक्षरीचा, मागोवा येथे घेतला आहे. त्या स्वाक्षरीने कोणाला बांधले, कोणाला वाचविले आणि कोणाला देशोधडीला लावले, हे पाहिल्याखेरीज 'शुष्कता' या शब्दाचा अर्थ लागत नाही.

शब्दांचे कायदेशीर मोल

२५ जून १५३० रोजी ऑग्सबर्ग येथे सम्राट पाचव्या चार्ल्ससमोर ल्यूथरपक्षीय राजांनी आपले श्रद्धापत्र सादर केले. त्याचा मुख्य लेखक फिलिप मेलांख्थोन हा होता. हे श्रद्धापत्र त्या वेळी साक्ष म्हणून दिले गेले: आम्ही असे मानतो, असे शिकवितो. पुढे मेलांख्थोनने स्वतःच त्यात फेरफार केले. १५४० च्या आवृत्तीत प्रभुभोजनाविषयीच्या दहाव्या कलमाची शब्दरचना त्याने अशी सैल केली की, भाकर व द्राक्षारस यांत ख्रिस्ताचे शरीर व रक्त प्रत्यक्ष उपस्थित असते असे मानणाऱ्या ल्यूथरपंथीयांप्रमाणेच, तसे न मानणाऱ्या स्विस परंपरेच्या लोकांनाही ते कलम मान्य करता यावे. तेव्हा या बदलावर फार गदारोळ झाला नाही.

गदारोळाचे कारण १५५५ मध्ये निर्माण झाले. ऑग्सबर्गच्या तहाने साम्राज्यात दोनच पक्षांना कायदेशीर संरक्षण दिले: जुन्या धर्माच्या, म्हणजे रोमन कॅथलिक, सत्ताधीशांना आणि ऑग्सबर्ग श्रद्धापत्र मानणाऱ्यांना. कॅल्व्हिनच्या अनुयायांना या तहात नाव घेऊन स्थान मिळाले नाही. ते १६४८ च्या वेस्टफेलियाच्या तहापर्यंत मिळाले नाही. साहजिकच 'ऑग्सबर्ग श्रद्धापत्र मानणारा' म्हणजे नेमका कोण, आणि श्रद्धापत्र म्हणजे १५३० चे की १५४० चे, हा प्रश्न राज्य, मालमत्ता आणि युद्ध यांच्याशी निगडित झाला. पॅलॅटिनेटचा इलेक्टर तिसरा फ्रीड्रिख याने १५६३ मध्ये हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी प्रसिद्ध करून आपले राज्य कॅल्व्हिनच्या वाटेवर नेले आणि १५६६ च्या राजसभेत मात्र आपण ऑग्सबर्ग श्रद्धापत्राचेच अनुयायी असल्याचा युक्तिवाद केला. दहाव्या कलमातील एका क्रियापदासाठी पंडितांनी पिढ्यान्‌पिढ्या का घालविल्या, याचे आश्चर्य करणाऱ्या आधुनिक वाचकाने ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवावयास हवी.

दरम्यान ल्यूथरपंथीयांत आतूनही फूट पडली होती. १५४६ मध्ये ल्यूथर निवर्तला. पुढच्याच वर्षी म्यूलबर्गच्या लढाईत सम्राटाने प्रोटेस्टंट राजांचा पराभव केला आणि १५४८ मध्ये एक तात्पुरती धर्मव्यवस्था लादली. जिवंत राहण्यासाठी पोशाख, सण, विधी अशा गौण बाबींत नमते घ्यावे असे मेलांख्थोनचे मत पडले. माग्डेबुर्ग येथे आश्रय घेतलेल्या माथियास फ्लाकियसने याला विश्वासघात म्हटले. त्याचे म्हणणे असे की, जी बाब एरवी गौण असते तीच छळाच्या काळात सक्तीने लादली गेली तर गौण राहत नाही. हे सूत्र पुढे शंभर वर्षांनी बर्लिनमधील एका पाळकाच्या उपयोगी पडले.

१५८० : आठ हजार नावे

१५७४ मध्ये सॅक्सनीचा इलेक्टर ऑगस्ट याला आपल्याच दरबारातील व विटेनबर्ग विद्यापीठातील मेलांख्थोनचे शिष्य प्रभुभोजनाविषयी गुप्तपणे कॅल्व्हिनचे मत पसरवीत असल्याचा संशय आला. पत्रे जप्त झाली, अटका झाल्या. मेलांख्थोनचा जावई व राजवैद्य कास्पार पॉयसर बारा वर्षे तुरुंगात राहिला. या हादऱ्यानंतर एकमत घडविण्याच्या प्रयत्नांना वेग आला. याकोब आंद्रेए, मार्टिन केम्निट्स, निकोलाउस झेल्नेकर, डाव्हिड खिट्रेउस आदींनी माग्डेबुर्गनजीकच्या बेर्गेन मठात १५७७ मध्ये 'मतैक्यसूत्रा'ला अंतिम रूप दिले. २५ जून १५८० रोजी, ऑग्सबर्ग श्रद्धापत्राला बरोबर पन्नास वर्षे पूर्ण होताना, हे सूत्र व आधीची श्रद्धापत्रे एकत्र करून 'मतैक्यग्रंथ' ड्रेस्डेन येथे प्रसिद्ध झाला. श्रद्धापत्राची पाठप्रत म्हणून १५३० चीच मानली गेली.

या ग्रंथाखाली तीन इलेक्टर, वीसच्या आसपास राजे, अनेक सरदार, पस्तीस नगरे आणि आठ हजारांहून अधिक पाळक व शिक्षक यांची नावे आहेत. मध्यवर्ती शासन नसलेल्या जर्मनीत इतक्या लोकांची सही घेणे हे त्या काळाच्या मानाने प्रशासकीय आश्चर्यच होय. सही ऐच्छिक होती काय? कागदावर होती. प्रत्यक्षात नकार देणाऱ्या पाळकाचे घर, धान्याचा वाटा आणि कुटुंबाचे भवितव्य त्या सहीवर अवलंबून होते. १५३० ची साक्ष अशा रीतीने १५८० मध्ये सेवाशर्त झाली. या संक्रमणात मतनिष्ठेचे सामर्थ्य आणि तिचे पाप, दोन्ही आहेत.

सर्वांनी सही केली असे मात्र नाही. डेन्मार्कचा राजा दुसरा फ्रेडरिक याला त्याच्या बहिणीने, म्हणजे सॅक्सनीच्या इलेक्टरच्या पत्नीने, मतैक्यग्रंथाच्या प्रती पाठविल्या. त्या त्याने शेकोटीत टाकल्या आणि आपल्या राज्यात ग्रंथावर बंदी घातली. शेजारच्या जर्मनीतील भांडणे त्याला आपल्या घरात नको होती. डेन्मार्क पुढेही ल्यूथरपंथीयच राहिले, पण १६८३ च्या डॅनिश कायद्यात प्रमाण श्रद्धापत्रांच्या यादीत मतैक्यसूत्राला स्थान मिळाले नाही. या अपवादाचा भारताशी संबंध आहे, तो पुढे येईल. ब्राउनश्वाइगचा ड्यूक यूलिउस याची कथा वेगळी. सूत्राच्या तयारीसाठी त्याने सढळ हाताने पैसा दिला होता; पण एका मुलाला बिशपपद मिळावे म्हणून त्याने १५७८ मध्ये मुलांना कॅथलिक पद्धतीने दीक्षा देवविली, त्यावर केम्निट्सने जाहीर टीका केली, आणि दुखावलेला ड्यूक मागे सरला. परिणामी त्याने १५७६ मध्ये स्थापिलेले हेल्मश्टेट विद्यापीठ मतैक्यसूत्राच्या बंधनातून मोकळे राहिले. मतनिष्ठ ल्यूथरवादाचा सर्वांत बुद्धिमान विरोधक पुढे तेथूनच यावा, याच्या मुळाशी असा एका बापाचा अहंकार आहे.

या काळातील कठोरता केवळ प्राध्यापकांची होती असा समज करून घेणेही बरोबर नाही. सॅक्सनीत १५८६ नंतर इलेक्टर पहिला ख्रिस्तियान व त्याचा चान्सेलर निकोलाउस क्रेल यांनी कॅल्व्हिनकडे झुकणारे धोरण आखले. १५९१ मध्ये बाप्तिस्म्याच्या विधीतील सैतान घालवून देण्याचे शब्द काढून टाकण्यात आले. तेव्हा ड्रेस्डेनमधील एक खाटीक मांस तोडण्याचा सुरा घेऊन बाप्तिस्मापात्रापाशी उभा राहिला आणि आपल्या मुलीचा बाप्तिस्मा जुन्या शब्दांनीच झाला पाहिजे असे त्याने पाळकाला बजावले, अशी हकीकत सांगितली जाते. ते शब्द वगळले तर मूल सैतानाच्याच ताब्यात राहील, ही त्या बापाची भीती खरी होती. त्याच वर्षी ख्रिस्तियान मरण पावला. क्रेलला अटक झाली. दहा वर्षे कैदेत काढल्यावर ९ ऑक्टोबर १६०१ रोजी ड्रेस्डेन येथे त्याचा शिरच्छेद करण्यात आला. त्याच्यावरील आरोपांत राजकारण पुष्कळ होते हे खरे. परंतु या वधाला चर्चची मूक संमती होती हे नाकारता येत नाही. १५९२ मध्ये कॅल्व्हिनचे मत कलमवार नाकारणारी तपासणी-कलमे तयार झाली आणि सॅक्सनीतील प्रत्येक पाळकाला व शिक्षकाला त्यांवरही सही करावी लागली.

विद्यापीठे : तर्क आणि प्रार्थना

सोळाव्या शतकाच्या अखेरीस ल्यूथरपंथीय विद्यापीठांत ॲरिस्टॉटलचे तत्त्वज्ञान परतले. ज्या ल्यूथरने त्याला इतकी दूषणे दिली होती त्याच्याच विटेनबर्गमध्ये ॲरिस्टॉटल पुन्हा शिकविला जाऊ लागला, कारण जेझुइट पंडितांशी वाद घालावयाचा तर त्यांचीच हत्यारे हाती असणे भाग होते. लेओनहार्ड हुटर याचा 'संक्षेप' १६१० मध्ये प्रसिद्ध झाला. इलेक्टरच्या आज्ञेने लिहिलेले हे प्रश्नोत्तररूपी पाठ्यपुस्तक मेलांख्थोनच्या ग्रंथाची जागा घेण्यासाठी होते आणि पुढे शतकभर शाळाशाळांतून ते मुखोद्गत केले गेले. त्याच वर्षी योहान गेरहार्डच्या नऊ खंडांच्या ईश्वरविद्येचा प्रारंभ झाला. ती १६२२ मध्ये पूर्ण झाली.

गेरहार्ड (१५८२–१६३७) हा या युगाचा सर्वश्रेष्ठ आचार्य मानला जातो आणि 'शुष्कते'च्या आरोपाची पहिली कसोटीही त्याच्यापाशीच लागते. पंधराव्या-सोळाव्या वर्षी गंभीर आजारात असताना त्याला धीर दिला तो योहान आर्न्ड्ट याने. हाच आर्न्ड्ट पुढे 'खरा ख्रिस्ती धर्म' या ग्रंथाचा कर्ता आणि भक्तिवाद्यांचा आदिगुरू ठरला. स्वतः गेरहार्डने १६०६ मध्ये, वयाची पंचविशी गाठण्यापूर्वीच, 'पवित्र चिंतने' हे लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याची अनेक भाषांत रूपांतरे झाली. मृत्यू, पश्चात्ताप, प्रभुभोजन यांवरील ही चिंतने वाचणाऱ्याला लेखक आणि नऊ खंडांचा कर्ता एकच आहे याची शंकाही येणार नाही. तर्ककर्कश ग्रंथ आणि आर्त प्रार्थना एकाच लेखणीतून उतराव्यात यात आपल्या परंपरेला नवल वाटण्याचे कारण नाही.

तथापि पद्धतीचे दुष्परिणामही दिसू लागले होते. पवित्र शास्त्र हेच एकमेव प्रमाण मानल्यावर त्याचा प्रत्येक शब्द ईश्वरप्रेरित असल्याचे सिद्ध करणे क्रमप्राप्त झाले. हिब्रू लेखनात मुळात व्यंजनेच लिहिली जात. स्वरचिन्हे फार उशिरा, ख्रिस्तोत्तर काळातील ज्यू विद्वानांनी दिली, असे लुई काप्पेल या फ्रेंच प्रोटेस्टंट विद्वानाने १६२४ मध्ये दाखवून दिले. गेरहार्ड आणि त्याच्यानंतर आब्राहाम कालोव यांनी स्वरचिन्हेसुद्धा मूळचीच असल्याचा आग्रह धरला. हा आग्रह निव्वळ हट्ट नव्हता. स्वरांविना शब्दांचे वाचन संदिग्ध राहते. मग योग्य वाचन परंपरेकडून घ्यावे लागते. आणि परंपरा हे तर रोमचे शस्त्र. शब्दप्रामाण्यासाठी वर्णांचे नित्यत्व सिद्ध करावयास निघालेल्या मीमांसकांची आठवण येथे अनेकांना होईल. साम्य मर्यादित आहे; पण प्रमाणाचा पाया सुरक्षित करण्यासाठी माणसे किती खोल खणतात, हे दोन्हीकडे सारखेच दिसते. काप्पेलचे म्हणणे बरोबर होते, हे पुढील संशोधनाने निर्विवाद ठरविले.

पृथ्वीवर असताना ख्रिस्ताने आपले दैवी सामर्थ्य वापरणे सोडले होते की ते गुप्तपणे वापरीत होता, यावर गीसेन व ट्यूबिंगेन येथील आचार्यांत १६१९ पासून कडाक्याचा वाद चालला. १६२४ मध्ये सॅक्सनीतील आचार्यांनी त्यावर निर्णय दिला, तोही सर्वांना पटला नाही. भोवती तीस वर्षांचे युद्ध पेटले असता हे चालले होते. टीकाकारांना याहून सोयीचे उदाहरण शोधून सापडले नसते.

हेल्मश्टेटचे प्राध्यापक गेओर्ग कालिक्स्टस (१५८६–१६५६) यांनी या सर्वांवर एक उपाय सुचविला: ख्रिस्ती चर्चच्या पहिल्या पाच शतकांत जे सर्वमान्य होते तेवढे मूलभूत मानावे आणि उरलेल्या मतभेदांसाठी एकमेकांना पाखंडी ठरवू नये. युद्धाने होरपळलेल्या देशात हा विचार आकर्षक होता. विटेनबर्गचे कालोव यांनी मात्र त्याला मतांची भेसळ म्हटले आणि आयुष्यभर त्याच्याशी झुंज दिली. १६५५ मध्ये त्यांनी कालिक्स्टसची मते कलमवार धिक्कारणारे एक नवे श्रद्धापत्र पुढे आणले. मतैक्यग्रंथाप्रमाणे त्यावरही सर्वांनी सह्या कराव्यात असा बेत होता. येनाच्या योहान म्यूझेउस आदींनी नकार दिला. हे आचार्य कालिक्स्टसचे अनुयायी नव्हते. प्रत्येक मतभेदाला श्रद्धापत्राचा दर्जा देण्यास त्यांचा विरोध होता. नवे श्रद्धापत्र बारगळले. मतनिष्ठेला मर्यादा घालण्याचे काम अशा रीतीने मतनिष्ठांनीच केले, ही बाब सर्वसाधारण इतिहासांत अभावानेच नोंदविलेली आढळते.

पाउल गेरहार्ट : एका नकाराची कहाणी

पाउल गेरहार्ट (१६०७–१६७६) याचा वर उल्लेखिलेल्या गेरहार्डशी नामसादृश्यापलीकडे संबंध नाही. विटेनबर्ग येथे शिकलेला हा पाळक जर्मन भाषेतील श्रेष्ठ उपासनागीतकारांपैकी एक होता. त्याची सुमारे १४० गीते उपलब्ध आहेत आणि त्यांतील कित्येक आजही गायिली जातात. १६५७ पासून तो बर्लिनच्या सेंट निकोलस चर्चमध्ये सेवा करीत होता.

ब्रांडेनबुर्गची परिस्थिती विलक्षण होती. १५८० च्या मतैक्यग्रंथावर येथील इलेक्टरची सही होती. पण त्याच्या वंशातील योहान झिगिस्मुंट याने १६१३ च्या नाताळात कॅल्व्हिनचा पंथ स्वीकारला. प्रजा ल्यूथरपंथीयच राहिली. राजाचा पंथ तो प्रजेचा, हा तहाने दिलेला अधिकार १६१५ मध्ये त्याला सोडून द्यावा लागला. त्याचा नातू, 'महान इलेक्टर' फ्रीड्रिख विल्हेल्म, युद्धाने उद्ध्वस्त झालेले राज्य उभारण्याच्या खटपटीत होता आणि त्याला दोन पंथांत शांतता हवी होती. १६६२–६३ मध्ये त्याने दोन्ही बाजूंच्या पाळकांची चर्चासत्रे घडविली. ती निष्फळ ठरली. विटेनबर्ग विद्यापीठात शिकावयास जाण्यास त्याने आपल्या प्रजाजनांना मनाई केली. सप्टेंबर १६६४ च्या फर्मानाने उपदेशपीठावरून प्रतिपक्षाची निंदा करण्यास बंदी घातली आणि पाळकांनी तसे लेखी वचन सहीनिशी द्यावे असा हुकूम निघाला.

आधुनिक वाचकाचे मन येथे इलेक्टरकडे झुकेल. सहिष्णुतेची मागणी करणारा राजा आणि ती नाकारणारा पाळक, असे हे चित्र दिसते. गेरहार्टने उपदेशपीठावरून कॅल्व्हिनपंथीयांना शिवीगाळ केल्याचा आरोप कोणीही केला नव्हता. त्याच्या सौम्यपणाची ग्वाही बर्लिनच्या नगरसभेनेच दिली. जे तो एरवीही करीत नव्हता ते न करण्याचे वचन देण्यास त्याने नकार दिला. फर्मानानुसार मतैक्यसूत्रातील धिक्काराची कलमे शिकविणे हाही गुन्हा ठरू शकत होता. आणि दीक्षेच्या वेळी त्याने त्याच सूत्राखाली सही केली होती. एका सहीने दुसरी सही पुसावयाची होती. शिवाय चर्चने काय शिकवावे हे राजाज्ञेने ठरू लागले तर उद्या त्याच आज्ञेने आणखी काय काय ठरेल, हा फ्लाकियसचा जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला.

दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांना १६६५ मध्ये पदच्युत करण्यात आले. फेब्रुवारी १६६६ मध्ये गेरहार्टची पाळी आली. नगरसभा व कारागिरांचे संघ यांनी अर्जांमागून अर्ज केले. अखेर जानेवारी १६६७ मध्ये इलेक्टरने त्याला सहीवाचून परत घेतले. मात्र सही नसली तरी फर्मानाचे पालन तो करीलच अशी अपेक्षा कळविण्यात आली. बहुतेक माणसांनी येथे सुटकेचा निःश्वास टाकला असता. न लिहिलेले वचनही वचनच असते, असे मानून गेरहार्टने पद स्वीकारले नाही. पुढच्या वर्षी त्याची पत्नी वारली; पाचांपैकी चार मुले आधीच गेली होती. १६६९ मध्ये उरलेल्या एकुलत्या मुलासह तो सॅक्सन सत्तेखालील ल्यूबेन या लहान गावी पाळक म्हणून गेला आणि तेथेच त्याचा अंत झाला.

इलेक्टर चूक होता असे म्हणवत नाही. प्रशियाच्या पुढील सहिष्णू धोरणाची बीजे याच फर्मानांत आहेत, आणि उपदेशपीठावरील द्वेषाचे परिणाम त्या पिढीने रक्ताने मोजले होते. परंतु सहिष्णुतेची सक्ती सहीने करता येते काय, हा गेरहार्टच्या नकाराने विचारलेला प्रश्न निकाली निघाला असेही म्हणता येत नाही. क्रेलचा वध आणि गेरहार्टचा नकार या दोहोंची मुळे एकाच मतनिष्ठेत आहेत. त्यांपैकी एकच पाहणारा इतिहास अर्धा राहतो.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात येते. १५८० मध्ये सही करणाऱ्या तीन इलेक्टरांपैकी पॅलॅटिनेटचे राज्य १५८३ मध्ये पुन्हा कॅल्व्हिनकडे गेले, ब्रांडेनबुर्गचे घराणे १६१३ मध्ये, आणि खुद्द सॅक्सनीचा इलेक्टर ऑगस्ट 'द स्ट्राँग' पोलंडच्या सिंहासनासाठी १६९७ मध्ये कॅथलिक झाला. राजांच्या सह्या गळून पडल्या. पाळकांच्या व शिक्षकांच्या टिकल्या. कॅथलिक इलेक्टरच्या राज्यातच मे १७२३ मध्ये योहान सेबास्टियन बाख याला लाइपझिगमधील संगीतप्रमुखाचे पद स्वीकारताना ईश्वरविद्येची परीक्षा द्यावी लागली आणि मतैक्यसूत्र मान्य असल्याची सही करावी लागली. त्याच्या संग्रहातील कालोव यांच्या बायबल-भाष्याचे तीन खंड अमेरिकेत सापडले असून त्यांच्या समासांत बाखच्या हातच्या नोंदी आहेत. ज्या कालोव यांना भांडखोरपणाचा मूर्तिमंत नमुना म्हणून हिणविले जाते, त्यांचे खंड बाख आपल्या उपासनेसाठी उघडीत होता.

भारताचा प्रश्न

मतनिष्ठ युगाची सर्वांत मोठी उणीव म्हणून परदेशांतील धर्मप्रसाराविषयीच्या उदासीनतेचा निर्देश केला जातो, आणि येथे आरोप बहुतांशी खरा आहे. प्रोटेस्टंटांनी एकाही मूर्तिपूजकाला ख्रिस्ती केले नाही, असा टोमणा रोमचे कार्डिनल बेलार्मिन यांनी मारला होता. त्या टोमण्यामागे गोव्यासारख्या ठिकाणच्या जेझुइट कार्याचे बळ होते. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. त्याच १६१६ मध्ये गेरहार्ड येना विद्यापीठात प्राध्यापक म्हणून रुजू झाला. आणि आपल्या ग्रंथात तो असे प्रतिपादीत होता की, सर्व राष्ट्रांत जाऊन शिकविण्याची आज्ञा ही प्रेषितांना वैयक्तिकरीत्या दिलेली होती व ती त्यांच्याबरोबरच संपली. १६५२ मध्ये एका सरदाराने केलेल्या पृच्छेला उत्तर देताना विटेनबर्गच्या ईश्वरविद्या विभागानेही हाच अभिप्राय दिला. आदाम, नोहा व प्रेषित यांच्याद्वारे सर्व मानवजातीला सत्य कळविले गेले आहे; ते गमावणाऱ्या राष्ट्रांना अज्ञानाची सबब सांगता येणार नाही, असा त्याचा आशय होता. युस्टिनियन फोन वेल्ट्स या सरदाराने १६६४ मध्ये धर्मप्रसारासाठी संघ स्थापण्याची योजना मांडली, तेव्हा रेगेन्सबुर्गचे उर्सिनस यांनी तिची कडक शब्दांत संभावना केली. वेल्ट्स स्वतःच सुरिनामला गेला व तेथेच मृत्यू पावला.

या भूमिकेमागे केवळ आळस नव्हता. ल्यूथरपंथीयांच्या मते पाळकाला अधिकार मिळतो तो एका विशिष्ट मंडळीच्या बोलावण्याने. मंडळीच नसलेल्या देशात कोणी कोणाला बोलवावे? शिवाय जर्मन संस्थानांपाशी जहाजेही नव्हती आणि वसाहतीही. हा पेच डेन्मार्कच्या राजाने सोडविला, कारण त्याच्यापाशी दोन्ही होते आणि बोलावणे राजाज्ञेने देता येत होते. चौथ्या फ्रेडरिकच्या आज्ञेने निघालेले बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग व हाइन्‍रिख प्ल्यूट्शाउ ९ जुलै १७०६ रोजी तरंगंबाडी (ट्रांकेबार) येथे उतरले. १५८० मध्ये ज्या राज्याने मतैक्यग्रंथ आगीत टाकला होता, तेथूनच ल्यूथरची लघु प्रश्नोत्तरी भारतात आली.

हे दोघे हालेच्या भक्तिवादी वर्तुळातील होते. त्या चळवळीचा प्रवर्तक फिलिप याकोब श्पेनर याच्या १६७५ मधील 'धार्मिक आकांक्षा' या पुस्तकाने जर्मन चर्च ढवळून निघाले होते आणि १६९५ मध्ये विटेनबर्गच्या आचार्यांनी त्याच्या लेखनात अडीचशेहून अधिक चुका मोजून दाखविल्या होत्या. परंतु भक्तिवादी म्हणजे उदार, असे समीकरण मांडणेही धोक्याचे आहे. त्सीगेनबाल्गने तमिळ शिकून दक्षिणेतील देवदेवतांची वंशावळ १७१३ मध्ये सिद्ध केली आणि हालेला पाठविली. मूर्तिपूजा नष्ट करावयास पाठविलेल्यांनी मूर्तिपूजकांचा मूर्खपणा युरोपात पसरवू नये, अशा आशयाच्या भूमिकेतून हालेच्या फ्रांकेने ती छापण्यास नकार दिला. भारतीय धर्मजीवनाविषयीच्या या महत्त्वाच्या ग्रंथाला छापखाना पाहण्यासाठी १८६७ साल उजाडावे लागले. तो मद्रास येथे प्रसिद्ध झाला.

विटेनबर्गची मतनिष्ठा एव्हाना जर्मन विद्यापीठांतून ओसरली होती, पण संपली नव्हती. १८१७ मध्ये प्रशियाच्या राजाने ल्यूथरपंथीय व कॅल्व्हिनपंथीय चर्चचे एकीकरण जाहीर केले, तेव्हा गेरहार्टचाच नकार अनेक खेड्यांतील पाळकांनी व शेतकऱ्यांनी पुन्हा दिला. काहींना तुरुंगवास घडला. १८३८ पासून कित्येक कुटुंबे ऑस्ट्रेलियाला व अमेरिकेला निघून गेली. सॅक्सनीतूनही याच सुमारास एक जथा मिसुरी राज्यात गेला आणि १८४७ मध्ये शिकागो येथे मतैक्यग्रंथाला बिनशर्त बांधून घेणारी सिनॉड स्थापन झाली.

१८९३ मध्ये तमिळ प्रदेशात काम करणाऱ्या लाइपझिग मिशनमधील थिओडोर नेथर व फ्रान्स मोन यांचा आपल्या संस्थेशी वाद झाला. पवित्र शास्त्राचा शब्द न् शब्द ईश्वरप्रेरित व निर्दोष आहे, हे संस्थेने निःसंदिग्धपणे मान्य करावे असा त्यांचा आग्रह होता. तो मान्य झाला नाही व ते बाहेर पडले. मिसुरी सिनॉडने त्यांना १८९४ मध्ये आपले मिशनरी म्हणून नेमले आणि पुढच्या वर्षी कृष्णगिरी येथे त्यांनी नव्याने काम सुरू केले. आजच्या इंडिया इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्चचा प्रारंभ तेथे झाला.